खेडे हा घटक, सायकल हे माप

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात महाराष्ट्राची मागणी मुख्यतः या सूत्रांवर उभी आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत. यातले पहिले सूत्र वर्षानुवर्षे वाचत आलेल्याला केव्हातरी ती खेडी ओळीने पाहावीशी वाटतात. निपाणी ते बेळगाव हा रस्ता त्यासाठी सायकलनेच, सोबती घेऊन, पार करावा असे माझे मत आहे. मोटारीने दीडदोन तासांत बेळगाव येते आणि मधले फार तर संकेश्वर लक्षात राहते. पायी जाणाऱ्याला खेडे नीट दिसते, पण त्याची पुढच्या खेड्याशी तुलना होईपर्यंत दिवस मावळतो. सायकलवर मात्र एकाच दिवसात कितीतरी गावांच्या वेशी ओलांडता येतात आणि पाण्यासाठी, चहासाठी, वाट विचारण्यासाठी वरचेवर उतरावेही लागते. ज्या वादाचा घटक खेडे आहे, तो समजून घ्यायला हाच वेग योग्य.

पहिला पुरावा पायांना मिळतो. रस्ता उत्तर-दक्षिण जातो, नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे वेदगंगा मागे टाकून निपाणी सोडली की तवंदीचा घाट, पुढे संकेश्वरची हिरण्यकेशी, मग घटप्रभा, अशी चढ-उताराची माळ लागते. या साऱ्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी ठरलेली राज्यांची रेषा त्यांना आडवी कापते. दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण तर दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे. निसर्गाने इथे कुठेही भिंत घातलेली नाही. म्हणून सलगतेचे सूत्र एकट्याने काही ठरवू शकत नाही. जमीन दोन्हीकडे सलगच आहे. निर्णय माणसांकडे पाहूनच व्हायला हवा, आणि माणसे खेड्यात भेटतात.

निपाणीत निंबाळकर देसायांचा वाडा आहे; पण मला तिथे खिळवून ठेवतो तो तंबाखूचा इतिहास. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी इथे पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. पुढच्याच वर्षी युगांतर या स्त्रियांच्या गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवर ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. नेता महाराष्ट्रातला, शेतकरी कर्नाटकातले, आणि मागणी पिकाच्या भावाची. यावर कोणी म्हणेल, पोटाचा प्रश्न सीमा मानत नसेल तर सीमाप्रश्न उकरायचा कशाला? हा निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या शेतकऱ्याला पिकाच्या भावासाठी रस्त्यावर बसण्याचा हक्क आहे, त्याला सातबाऱ्याचा उतारा आणि मुलांची शाळा स्वतःच्या भाषेत मागण्याचाही हक्क आहे. एक हक्क दुसऱ्याची जागा घेत नाही.

सोबती शक्यतो कन्नड जाणणारा असावा. एकट्याचे लक्ष अधिक एकाग्र असते हा आक्षेप खरा आहे. पण मराठी प्रवाशाला एकट्याने मराठीच ऐकू येईल आणि तो आपलेच मत पक्के करून परतेल. लांबच्या प्रवासात सोबतीचे मोल जुने आहे. 1923 मध्ये मुंबईहून सायकलने जगप्रदक्षिणेला निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे 1928 मध्ये ती पुरी करून आले. इथला सोबती त्याहून जास्त देतो: तो साक्ष तपासतो. ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या शं. बा. जोशींशी वाद घालतानाही तो हवाच. महाराष्ट्राच्या संस्कृतीचा जुना थर कन्नड आहे, असे या कन्नड संशोधकाचे प्रतिपादन. ते पूर्णपणे मानले तरी आज इथे राहणाऱ्याचा हक्क त्यातून ठरत नाही. हजार वर्षांपूर्वी आधी कोण होते, यावर शाळेचे माध्यम ठरवता येत नाही. मात्र जोशींनी हा वाद मराठीत ग्रंथ लिहून मांडला, हे त्यांच्या सिद्धान्ताइतकेच मोलाचे आहे. प्रतिपक्षाच्या भाषेत बोलण्याची ती तयारी आपल्यात किती आहे?

महामार्ग सायकलसाठी धोक्याचा आहे, हे खरे. म्हणून सेवारस्ते आणि गावातले जुने रस्ते धरावेत, आणि काकतीच्या आसपास महामार्ग सोडून कडोलीकडे वळावे. बेळगावचा किल्ला, कमल बस्ती, गांधीजींच्या अध्यक्षतेखालील 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा, हे सारे अर्ध्या दिवसात होते. 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील साहित्य संमेलनाने याच शहरात संयुक्त महाराष्ट्राची मागणी केली. तिचा धागा पुढे कडोली, येळ्ळूर, उचगाव या गावांनी आपापली मराठी साहित्य संमेलने भरवून धरून ठेवला आहे. शहराचा ठराव खेड्यांनी जगवला, हे फक्त शहर पाहणाऱ्याला कळत नाही.

शेवटचा आक्षेप गंभीर आहे: दोन सायकलस्वारांची निरीक्षणे म्हणजे पुरावा नव्हे, त्यासाठी जनगणना आहे. मान्य. पण जनगणना माणशी एक मातृभाषा नोंदवते; तोच माणूस बाजारात, देवळात, कचेरीत कोणती भाषा बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे ती सांगत नाही. महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाने बेळगाव शहरावरचा महाराष्ट्राचा दावा फेटाळला, निपाणी-खानापूरकडचा भाग मात्र महाराष्ट्राला द्यावा असे सुचवले. 2004 मध्ये महाराष्ट्र हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल कोणताही लागो, रेषेच्या दोन्ही बाजूंना दुसरी भाषा बोलणारे लोक उरणारच आहेत. म्हणून कोल्हापूर आणि बेळगावच्या महाविद्यालयांनी दरवर्षी एक मराठी आणि एक कन्नड विद्यार्थी अशा जोड्या या रस्त्यावर पाठवाव्यात, आणि दोघांनी मिळून एकच टिपण लिहावे. खेड्याला घटक मानणाऱ्यांनी निदान इतके तरी करायलाच हवे.