औंधचा रस्ता, पुन्हा मोटारसायकलवरून

साताऱ्याहून औंधला जायचे म्हणजे आधी रहिमतपूर गाठायचे आणि मग खटाव तालुक्यात शिरायचे. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कृष्णाकाठचा ऊस मागे पडत जातो, शिवार कोरडे होते, ज्वारी-हरभऱ्याची राने लागतात आणि लांबूनच यमाईचा डोंगर नजरेत येतो. एस.टी. ने गेले तर माणूस खिडकीला डोके टेकून झोपी जातो. मोटारसायकलवरून गेले तर प्रत्येक वळण ओळखीचे होते.

वाचकहो, पुण्याचे औंध वेगळे आणि हे वेगळे. हे पंतप्रतिनिधींचे औंध, जुन्या संस्थानाची राजधानी. संस्थान लहान, त्यातही तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि किर्लोस्करवाडी हीसुद्धा औंध संस्थानातलीच. साहित्यिक शंकरराव खरात हे आटपाडीचे. त्यांचे ‘तराळ-अंतराळ’ आपल्या अनेक घरांत वाचले गेले आहे. त्यांच्या आधीच्या पिढीने ह्या मुलखातले अंतर तराळकी करत पायांनी मोजले. ना बैलगाडी, ना घोडा. निरोप घेऊन निघायचे आणि चालत राहायचे.

औंध आमची सासुरवाडी. येथे ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे, हे आधीच सांगून ठेवतो. एकजण हॅण्डल धरणारा, एकजण मागे बसणारी. एकाची एम.आय.डी.सी.त पाळीची नोकरी, दुसरीची अंगणवाडीत मदतनीस म्हणून. घरात शंभर सीसीची एक जुनी मोटारसायकल. ती होती म्हणून रात्रपाळी सुटल्यावर घरी येता येत होते आणि आईला बघायला औंधलाही जाता येत होते.

गेल्या वर्षी गळिताच्या हंगामात, औंधहून परतताना, दिवस मावळायच्या वेळी आम्ही पडलो. रहिमतपूरच्या अलीकडे एका मोरीजवळच्या वळणावर ट्रॉलीतून सांडलेला ऊस पसरला होता. वरून चाके जाऊन जाऊन त्याचा चोथा झालेला. वेग बेताचा होता, दिवा चालू होता, तरी पुढचे चाक साबणावरून गेल्यासारखे सरकले. एकाचे मनगट मोडले, दुसरीच्या खांद्याचे हाड. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर होते म्हणून हा लेख लिहिणे झाले.

हाडे दीड-दोन महिन्यांत जुळली. गाडीही गॅरेजमधून आली. अडले ते तिसरेच. गाडी दारात उभी आणि आम्ही तिला वळसा घालून एस.टी. स्टॅण्डकडे चालू लागायचो. मनगट दुखते, पाऊस येईल, पेट्रोल नाही, अशी रोज एक सबब. रात्रपाळीला शेवटची एस.टी. मिळत नसे, मग रिक्षा. पगारातून रिक्षाचे पैसे वजा केले की उरायचे काय? पाळ्या बदलून मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. तिकडे औंधला आई एकटी. तिला बघून त्याच दिवशी परत यायचे तर एस.टी.च्या वेळा जमत नव्हत्या. दहा महिने असे गेले.

पडल्यानंतरच्या भीतीला लोक हसतात, ते काही बरोबर नाही. देशात २०२२ ह्या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. तेव्हा भीती खोटी नसते. अडचण अशी की ती भीतीच पुन्हा पाडू शकते. घाबरलेला माणूस हॅण्डल आवळून धरतो, खांदे ताठ करतो, नजर चाकापुढच्या दोन हातांवर खिळवतो आणि ज्या खड्ड्याला भितो त्याच खड्ड्यात जातो. गाडी नजरेमागे जाते.

हे आम्हाला शिकवले धाकट्या मेव्हण्याने. तो टेम्पो चालवतो. एका रविवारी आला आणि म्हणाला, “दाजी, औंधचं नंतर बघू. आधी गाडी नीट आहे का ते बघू. ताई, तू पण चल.”

गॅरेजवाल्या काकांकडे त्याने गाडी पुन्हा उघडायला लावली. पडलेल्या गाडीचे हॅण्डल सरळ केले, आरसा-इंडिकेटर बदलला की लोक समाधान मानतात. पण पुढचे शॉकप किंवा हॅण्डलचा टी वाकलेला राहिला तर गाडी सारखी एका बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याला वाटते की आपलाच हात बिघडला. आमचे पुढचे रिम किंचित आउट निघाले. ते दुरुस्त झाले आणि अर्धी शंका तेथेच मिटली. हेल्मेटही नवी घेतली, आय.एस.आय.ची. एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला थर्माकोल दबलेला असतो. ते पुन्हा वापरू नये.

मग शाळेचे मोकळे मैदान. पहिल्या दिवशी गाडी फक्त सुरू करून तिच्यावर बसून राहिलो. हसू नका, एवढ्यानेच तळहाताला घाम आला. पुढे पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने सरळ रेघ. मग दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ. मेव्हणा एकच ओरडायचा, “दाजी, विटेकडे नको, जायचंय तिकडं बघा!” शेवटी ब्रेक. आपल्याकडे पुष्कळजण पुढचा ब्रेक विषासारखा टाळतात, पलटी होईल म्हणून. खरे तर थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची मुख्य ताकद त्याच ब्रेकमध्ये असते. तो झटकन आवळायचा नाही, पिळत नेल्यासारखा दाबायचा, गाडी सरळ असताना, पायाच्या ब्रेकबरोबर. वळणात, वाळूवर किंवा ओल्यात मात्र त्याला जपून. १ एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. आमची गाडी त्याआधीची. आम्हाला हातापायानेच शिकायचे होते.

तीन रविवार मैदान, मग पहाटेचा रिकामा रस्ता, मग कामावर जाणे. हे सगळे एकट्याने. मागे बसणारीची भीती वेगळी असते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. चालवणाऱ्याच्या हातात निदान ब्रेक तरी असतो. मागे बसणारीच्या हातात काय? ती प्रत्येक वळणावर उलट्या बाजूला कलते आणि गाडी अवघड करते. आम्ही ठरवले की वळणाआधी पुढच्याने सांगायचे, “डावीकडे”, आणि मागचीने त्याच्या डाव्या खांद्यावरून बघायचे. मागचीने “हळू” म्हटले की कारण न विचारता हळू करायचे. संसारातही हा नियम लागू करण्याची सूचना आली होती, ती अजून विचाराधीन आहे.

फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही औंधला निघालो. गाठायची होती ती मोरी. जवळ आल्यावर खांद्यावरचा हात घट्ट झाला. गाडी बाजूला घेतली, उतरलो, त्या वळणावर दोनदा चालून आलो. रस्ता कोरडा, कडेला उसाची दोन वाळकी चिपाडे. दिवसाउजेडी ते वळण अगदीच साधे निघाले.

मोरी म्हटली की आम्हाला चाळीसगाव आठवते. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब तेथे उतरले. टांगेवाले अस्पृश्याला टांग्यात घेऊन हाकायला तयार होईनात. टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही, एवढ्यावर तडजोड झाली. तेव्हा वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, टांगा-घोडा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला, कित्येक दिवस हिंडणे-फिरणे बंद झाले. आणि २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते तेथे हजर होते.

त्याआधीची, १९०१ ची गोष्ट तर ह्याच मुलखातली. खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे जाण्यासाठी बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि भाचा मसूर स्टेशनवर उतरले. रहिमतपूरवरून जाणारा रेल्वेमार्ग तोच. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे ह्या अटीवर. रात्रभर त्या पोरांना प्यायला पाणी मिळाले नाही. आपल्या घरी स्वतःची गाडी असणे म्हणजे नुसती सोय नव्हे. म्हणूनच दारातली गाडी दहा महिने उभी राहिली तेव्हा ते आमच्या जिवाला लागले होते.

औंधात आईच्या हातची भाकरी खाऊन दुपारी डोंगरावर गेलो. देवीला जाणारे वर जातात, आम्हाला मधल्या टप्प्यावरचे भवानी वस्तुसंग्रहालय बघायचे होते. १९३८ साली राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते उभारले. राजा स्वतः चित्रकार. रविवर्म्याची चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचे आई-मुलाचे शिल्पही आहे. ह्या राजाने अजिंठ्याच्या लेण्यांवर १९३२ साली इंग्रजी पुस्तक लिहिले होते. आपल्या वाचकांनी मुलाबाळांना घेऊन एकदा तरी हे संग्रहालय बघावे. जवळ असून आपण जात नाही, हीच रड.

बाळासाहेबांना सूर्यनमस्काराचे वेड. संस्थानच्या शाळांत मुलांना ते सक्तीचे. पण आम्हाला जास्त पटते ते दुसरे काम. १९३९ साली औंधने राज्यकारभार लोकांकडे सोपवणारी राज्यघटना केली. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश इंजिनिअरचा हात त्यामागे होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले, भिंत नसलेला तुरुंग. कैद्यांनी बायकामुलांसह राहायचे, शेती करायची. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यावरूनच निघाला. कथा गदिमांची, तेही ह्याच संस्थानातले. कैदी पळून जातील असे त्या वेळी पुष्कळांना वाटले असेल.

उतरताना मागे बसणारीने आधीच बजावले, “न्यूट्रल करायची नाही.” पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी मोकळी सोडणारे आम्ही पुष्कळ बघतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते. प्रत्येक वळणाआधी आवाज आला, “उजवीकडे”, “डावीकडे”, आणि खांद्यावरचा हात सैल होता.

मुक्काम करा म्हणून आईने आग्रह केला. दुसऱ्या दिवशी पाळी होती. चार वाजता निघालो, उजेड असतानाच मोरी ओलांडायची हे ठरलेले होते. आईने डब्यात चटणी आणि पिशवीत हरभरा दिला. पिशवी हॅण्डलला अडकवू दिली नाही, मागे बांधली. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिला डोळे दाखवायला साताऱ्याला आणायचे आहे. ती म्हणते, मी एस.टी.नेच येईन.