दुसरी किल्ली

किल्ली ही लहानशी वस्तू आहे. ती जवळ असते तोवर तिची आठवण होत नाही आणि हरवली की दुसरे काही सुचत नाही. मुलांनो, आपल्या उर्दूत कुलपाला 'कुफ्ल' म्हणतात. हा अरबी शब्द मराठीत येताना त्यातील अक्षरांनी जागा बदलल्या आणि 'कुलूप' हा शब्द तयार झाला. 'चावी' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. म्हणजे मराठी घराच्या दाराला अरबी कुलूप असते आणि ते पोर्तुगीज चावीने उघडते! 'किल्ला' आणि 'किल्ली' हे शब्द तर बहीणभाऊच वाटतात. पण किल्ला हा अरबी 'कलआ' या शब्दापासून आलेला पाहुणा आहे. माहूरचा किल्ला रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे मला ही गंमत नेहमी आठवते.

आमचे माहूर डोंगरात वसलेले आहे. रेणुकामातेच्या आणि दत्तशिखराच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक येतात. सोनापीर दर्ग्यावरही माणसांची ये-जा असते. त्यामुळे दिवसा वाहनांना तोटा नसतो. परंतु रात्र झाली की रस्ते ओस पडतात. माझ्या अब्बांना दम्याचा विकार आहे. धाप वाढली की त्यांना किनवटला किंवा पुसदला न्यावे लागते. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मोटार विकत घेतली. गाडी चांगली होती. पण विकणाऱ्याने एकच किल्ली हातात दिली. "दुसरी सापडली की पाठवतो," असे तो म्हणाला. ती काही आली नाही.

"बेटी, ही किल्ली हरवली तर?" अब्बा अधूनमधून विचारीत. त्यांची काळजी खरी होती. मी प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेले आणि किल्ली चुकून माझ्या पर्समध्ये राहिली, तर गाडी दारात असूनही उपयोग नव्हता. शिवाय आमच्या गाडीची दुसरी किल्ली जगात कोठेतरी, कोणाच्या तरी हाती होती.

तुम्ही म्हणाल, एवढे काय अवघड आहे? किल्ली बनवणाऱ्याकडे जावे आणि दुसरी करून आणावी. पूर्वी तसेच होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्या काळची मोटारीची किल्ली म्हणजे धातूची दातेरी पट्टीच होती. तिचे दाते जुळले की काम झाले. पण तशी पट्टी चोरालाही घासून करता येई. म्हणून पुढे मोटारींच्या किल्लीत एक इवलासा घटक बसवण्यात आला. त्याला चिप म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी चोरीविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडेही ती आली. मारुतीच्या गाड्यांमध्ये तिला 'आयकॅट्स' असे नाव आहे.

या चिपची गंमत अशी की तिला बॅटरी लागत नाही. किल्ली लावतो त्या जागेभोवती तारेचे एक वेटोळे असते. किल्ली फिरवली की वेटोळ्यातून विद्युतप्रवाह वाहतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे चिपमध्ये क्षणभर वीज निर्माण होते. विज्ञानाच्या तासाला तुम्ही विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकता. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले तत्त्व ते हेच. वीज मिळताच चिप आपली सांकेतिक खूण सांगते. गाडीतील लहान संगणक ती खूण आपल्या यादीशी पडताळून पाहतो. खूण ओळखीची असेल तरच इंजिन चालू होऊ देतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला गेले. तेथे किल्ल्या बनवणाऱ्या एका कारागिराचे छोटे दुकान आहे. मी काम सांगताच त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आधी गाडीचे कागद दाखवा, मॅडम. आधार कार्डही दाखवा. त्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही." मला त्याचा राग आला नाही, उलट समाधान वाटले. कागद न बघता जो मला किल्ली करून देईल, तो दुसऱ्या कोणालाही माझ्या गाडीची किल्ली करून देईल.

कागद पाहून झाल्यावर त्यांनी यंत्रावर कोऱ्या किल्लीला दाते पाडले. त्या किल्लीने दार उघडले. ती आत फिरलीही; पण इंजिन काही चालू झाले नाही. समोर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला. "शरीर तयार झाले, ओळख बाकी आहे," ते हसून म्हणाले. मग स्टिअरिंगखालच्या खाचेत त्यांनी आपल्या यंत्राची वायर जोडली. गाडीच्या संगणकातील जुनी यादी पुसली. आधी माझ्याजवळची किल्ली लावून तिची नोंद केली, मग नवीची. म्हणूनच घरात असतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या बरोबर न्याव्या लागतात. राहिलेली किल्ली यादीबाहेर पडते. शेवटी त्यांनी दोन्ही किल्ल्यांनी आळीपाळीने इंजिन चालू करून दाखवले.

"आता ती हरवलेली किल्ली?" मी विचारले.

"दार उघडेल, पण गाडी नेता येणार नाही," ते म्हणाले. "म्हणून आत मौल्यवान वस्तू ठेवू नका." काम संपल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एक किल्ली हाती असताना दुसरी करणे सोपे असते. सगळ्याच हरवल्या तर वेळ आणि पैसा कितीतरी जास्त लागतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीही किल्ल्या मागते.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला, की ही दुसरी किल्ली ठेवायची कोठे? मी म्हणाले, कपाटात. अब्बा म्हणाले, "दोन्ही किल्ल्या एकाच घरात असल्या, तर त्या दोन कशा?" आमच्या शेजारी राहणारे काका गडावर भाविकांची गाडी चालवतात. घाटाचे प्रत्येक वळण त्यांना पाठ आहे. अब्बांनी ती किल्ली त्यांच्याकडेच द्यायला सांगितली. किल्ली घेऊन काका एवढेच म्हणाले, "रात्री कितीबी वाजू दे, पोरी, भिंतीवर थाप मारायची." काकूंनी ती देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

गेल्या पावसाळ्यात मी दोन दिवस प्रशिक्षणाला गेले होते. मध्यरात्री अम्मीने भिंतीवर थाप मारली. पहाटे मला फोन आला तेव्हा अब्बा दवाखान्यात होते आणि त्यांचा श्वास सुरळीत चालला होता.

मोटारीतला संगणक दोनच खुणा ओळखतो. तिसरी किल्ली आली तर तो तिला दाद देत नाही आणि ते योग्यच आहे. पण ती दुसरी किल्ली कोणाच्या हाती द्यावी, हे कोणतेही यंत्र ठरवू शकत नाही. ते माणसालाच माणसे पारखून ठरवावे लागते आणि ती पारख वर्षानुवर्षांच्या शेजारातून येते. मुलांनो, तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते? आज घरी गेल्यावर आईवडिलांना हा प्रश्न अवश्य विचारा.