ड्यूकची फळी

शुगर पाइनच्या अखंड लाकडाची, अडीच मीटरच्या आसपास लांब, आणि अशी दणकट, की जुन्या वाड्याच्या दाराची फळी काढून आणल्यासारखी वाटावी. आजच्या सर्फबोर्डाच्या पोटाखाली पातं असतं, म्हणून तो लाटेवर आडवा घसरत नाही. हिला पातं नाही. टॉम ब्लेकनं ते बसवलं 1935 मध्ये, आणि ही त्याच्या वीस वर्षं आधीची. वळवायची तर एक पाय पाण्यात सोडून ओढत न्यायचा, नाहीतर अंगाचा भार एका कडेला टाकायचा. जरा चुकलं की फळी एकीकडे आणि माणूस पाण्यात.

हिच्यावर ताठ उभा राहणारा गडी म्हणजे हवाईचा ड्यूक कहानामोकू. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलेला. 1914 च्या अखेरीस शर्यतींसाठी तो सिडनीला आला आणि तिथेच मिळालेल्या लाकडातून त्यानं ही फळी आपल्या मनासारखी घडवून घेतली. सिडनीतल्याच फ्रेशवॉटर किनाऱ्याच्या लाटांवर त्यानं इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीलाही पुढ्यात घेतलं. लाटेच्या माथ्यावरून खाली बघताना आपण कड्याच्या टोकावर आहोत असं वाटलं, आणि ड्यूकनं मानगुटीला धरून उभं केलं, असं ती पुढे सांगायची.

परत जाताना ड्यूकनं फळी क्लॉड वेस्ट या तरुण दोस्ताला देऊन टाकली. मला फळीच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. वेस्ट हिच्यावरून लाटा खेळलाच, शिवाय बुडणाऱ्यांपर्यंत पोचायलाही त्यानं ती वापरली. हातपाय गळालेल्या माणसाला धरायला काहीतरी तरंगतं मिळालं, की त्याचा जीव अर्धा सावरतो. तिकडे कॅलिफोर्नियात कोरोना डेल मारला 1925 मध्ये बोट उलटली, तेव्हा ड्यूकनंही आपल्या दुसऱ्या एका फळीवरून खेपा घालत आठ जणांना बाहेर काढलं.

मेलबर्न ऑलिंपिकच्या निमित्तानं 1956 मध्ये ड्यूक पुन्हा आला. सहासष्ट वर्षांचा, केस पांढरे झालेले. फ्रेशवॉटरला जाऊन तो आपल्या जुन्या फळीला भेटला. 1968 च्या जानेवारीत तो गेला. त्याची राख वायकिकीच्या समुद्रात सोडली.

1956 च्या त्या भेटीच्या तीन वर्षं आधीच वेस्टनं फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबाच्या हवाली केली होती. एखाद्या संग्रहालयात ती अधिक थाटात राहिली असती. पण समुद्रावर पहारा देणाऱ्यांमध्येच तिची जागा आहे, हे वेस्टनं बरोबर ओळखलं.