दाताचे मूळ आणि घाईची किंमत

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि भोवतीचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो आणि दात त्यात अक्षरशः टांगलेला असतो. ब्रेसेसची तार दाताला ढकलते, तेव्हा ज्या बाजूला पडदा दाबला जातो तेथील हाड पेशी विरघळवतात. ज्या बाजूला तो ताणला जातो तेथे नवे हाड तयार होते. दात सरकतो तो असा. मात्र हाड विरघळवणाऱ्या पेशींच्या कुळातल्याच पेशी कधी कधी मुळावरही काम करू लागतात आणि मूळ टोकाकडून आखूड होते. याला मुळाचे अवशोषण, अर्थात रूट रिसॉर्प्शन म्हणतात.

हा विषय माझ्या संशोधनाचा नाही. तो घरातून माझ्याकडे आला. माझी थोरली बहीण जबलपूरला बडा फुहारा भागात राहते. तिच्या मुलीला तारा लावून नऊ महिने झाले होते. लग्नाची तारीख ठरलेली, सराफ्यातल्या आणि कापडाच्या दुकानांतल्या फेऱ्या सुरू झालेल्या, आणि त्याच सुमारास काढलेल्या एक्स-रेमध्ये वरच्या पुढच्या दातांची मुळे सुमारे ३ मिलिमीटर आखूड झालेली दिसली. डॉक्टरांनी तीन महिने दातांवरचे बल पूर्ण थांबवायला सांगितले. म्हणजे लग्नात तारा तोंडातच राहणार. ताईने मला फोन करून विचारले, "अरे, तू फिजिक्स शिकलास ना? उलट जोर थोडा वाढवला तर हे लवकर नाही का संपणार?"

प्रश्न अगदी स्वाभाविक होता. बल वाढवले की गती वाढते, असे आपण शाळेपासून मानत आलो आहोत. पण येथे दात सरकवण्याचे काम बल करत नाही, पेशी करतात. बल त्यांना केवळ संकेत देते. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्याच्या दातांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले की दाब फार झाला तर पडद्यातला रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग पेशीविरहित, काचेसारखा दिसू लागतो. हा मृत भाग शेजारच्या पेशींनी उपसून काढेपर्यंत दात जवळजवळ जागीच थांबतो. आणि ही साफसफाई होत असतानाच मुळावरचे सिमेंटमचे संरक्षक आवरण खरवडले जाते. थोडक्यात, जादा जोराने वेळ वाचत नाही, मुळाचा धोका मात्र वाढतो. १९३२ मध्ये श्वार्ट्झ यांनी योग्य दाबाची मर्यादा मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम अशी सुचवली. केशवाहिन्यांतला रक्तदाब हा त्यामागचा निकष होता.

दंतोपचार आणि मुळांची झीज यांचा संबंध ओटोलेंगुई यांनी १९१४ मध्येच मांडला होता. १९२० च्या दशकात केचम यांनी एक्स-रेच्या आधारे तो ठळक केला. अलीकडे सिडनीच्या संशोधकांनी, पुढे काढायच्याच असलेल्या उपदाढांवर चार आठवडे २५ आणि २२५ ग्रॅम बल लावून, नंतर सूक्ष्म सीटी स्कॅनने मुळांवरच्या खड्ड्यांचे घनफळ मोजले. जड बलाखालचे खड्डे कितीतरी मोठे निघाले. हलक्या बलाखालीही ते होतेच.

हे बल तारेच्या जाडीवर फार संवेदनशीलपणे अवलंबून असते. गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. ०.०१४ इंचाऐवजी ०.०१८ इंचाची तार तेवढीच वाकवली, तर बल सुमारे २.७ पट होते. म्हणूनच ऑर्थोडॉन्टिस्ट बारीक तारेपासून सुरुवात करतात. निकेल-टायटेनियमच्या अतिलवचीक तारा तर बऱ्याच वाकूनही हलके, जवळजवळ स्थिर बल देतात.

तरीही सगळा भार बलावर टाकता येत नाही. उपचाराचा कालावधी, मूळ किती अंतर सरकवायचे आहे, मुळाचा आकार, दाताला पूर्वी झालेली इजा आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. बहुतेकांत झीज १-२ मिलिमीटरच्या आतच राहते. गंभीर झीज थोड्यांनाच होते. मुळावरचे उथळ खड्डे सिमेंटमने भरून येतात, गेलेले टोक मात्र परत येत नाही. मूळ निमुळते असते, ही त्यातली दिलाशाची बाब. १३ मिलिमीटरचा आदर्श शंकू मानला, तर टोकाचे ३ मिलिमीटर गेल्याने आधाराचे क्षेत्रफळ सुमारे ५ टक्केच घटते. खरे मूळ इतके अणकुचीदार नसते, म्हणून तोटा काहीसा अधिक; पण असे दात सहसा वर्षानुवर्षे टिकतात. बल काढले की झीजही साधारणपणे थांबते.

मग विश्रांती कशासाठी? लेव्हँडर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात, सहा महिन्यांनंतर झीज दिसलेल्या काही रुग्णांचे उपचार दोन-तीन महिने थांबवण्यात आले. त्यांची पुढची झीज सरासरी ०.४ मिलिमीटर झाली. न थांबवलेल्यांची १.५. अभ्यास लहान होता, परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यामागे हाच आधार होता.

हे सारे मी भाचीला समजावून सांगितले. ती म्हणाली, "मामा, फोटोत तारा दिसल्या तर दिसू देत. दात मला नंतरही लागणार आहेत." ताई दोन दिवस गप्प होती; तिसऱ्या दिवशी तिनेच दवाखान्यात फोन करून विश्रांतीला होकार कळवला.

तुमच्यापैकी अनेकांच्या दातांना तारा असतील. हे वाचून उपचार सोडू नका. एवढेच विचारा: सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये माझी मुळे कशी होती? सहा ते नऊ महिन्यांनी पुन्हा तपासणी होणार का? झीज दिसली तर योजना काय? आणि तार लवकर आवळून घेण्याचा आग्रह मात्र धरू नका.