पाणी देणाऱ्याचे नाव

१/६
दसऱ्याला आमच्या गोंदियाकडील घरात पाटावर तलवार कधीच नसे. तेथे असे आजोबांचा विळा, धान कापून कापून अर्धा झिजलेला. लहानपणी मला त्याची लाज वाटे. आज वाटते ती वेगळ्या कारणाने.

२/६
२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळवली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोहोचली. आपला जिल्हा एकेकाळी याच नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे तिची छायाचित्रे मी अधाशासारखी पाहिली.

३/६
तिचे सरळ, एकधारी पाते युरोपात घडलेले. म्हणून ही 'फिरंग'. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची. पात्याच्या पाठीवर सोन्याची देवनागरी अक्षरे आहेत. त्यांत रघुजींचे नाव आहे, 'सेनासाहेब सुभा' हा किताबही आहे. मूठ जडवणाऱ्याचे किंवा ती अक्षरे भरणाऱ्याचे नाव त्या लेखात नाही.

४/६
जपानी तलवारीची मूठ उतरवली, की आतल्या लोखंडी शेपटावर पुष्कळदा लोहाराची सही सापडते. लोहयुक्त वाळू वितळवून मिळालेले पोलाद तो वारंवार दुमडून ठोकतो. मग पाठीवर जाड आणि धारेवर पातळ असा मातीचा लेप देऊन पाते तापवतो व पाण्यात बुडवतो. धार झटकन निवून कठीण होते, पाठ चिवट राहते आणि पाते बाक घेते.

५/६
हे वाचताना मला आमच्या गावचा लोहार आठवला. तोही विळ्याची धार लाल करून क्षणभर पाण्यात धरी. याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. 'पाणीदार' हा शब्द आपण तलवारीला लावला, पुढे माणसालाही लावला. पाणी देणारा मात्र त्यातून निसटला.

६/६
आजोबांना विचारले असते, तर लोहाराचे नाव कळले असते. मी विचारले नाही. आता आजोबा नाहीत, लोहार नाही आणि त्याचा भाताही थंड आहे. रघुजींची तलवार परत आली याचा अभिमान मलाही आहे. पण मित्रहो, येत्या दसऱ्याला घरातील विळा-कोयता पुजाल, तेव्हा तो कोणी घडवला एवढे वडीलधाऱ्यांना विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.