जागच्या जागी चालणारे

किल्मार्नकच्या वॉकर वाण्याच्या घराण्यानं नावारूपाला आणलेल्या व्हिस्कीसाठी १९०८ साली टॉम ब्राउन या चित्रकारानं एक ऐटबाज गृहस्थ काढून दिला. उंच टोपी, हातात छडी, लांब टांगा टाकत निघालेला. आडनाव वॉकर, तेव्हा चालणारा माणूस, हिशेब सरळ. आपल्याकडे बडोद्याच्या गायकवाडी इतिहासात कर्नल अलेक्झांडर वॉकर भेटतात, १८०७ साली काठियावाडच्या खंडणीची घडी बसवणारे रेसिडेंट. त्यांचं आडनाव वाचतानाही मनात चालणंच येतं. ते चुकीचं नाही, पण मूळचा वॉकर चालून कुठंच पोचत नसे. तो कुंडात उभा असे.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते तुडवावं लागे. कुंडात पाणी, आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्या जातीची माती आणि शिळं मूत्र. हो, मूत्रच, गोळा करून, मुरवून ठेवलेलं. त्यातल्या अमोनियानं लोकरीचा ओशटपणा सुटे. कपडे वर खोचून माणसं त्यात पाय आपटत राहत. हळूहळू धागे एकमेकांत गुंतत, कापड आटे, दाट होई, वाऱ्याला दाद देईनासं होई. मग ते धुऊन लाकडी चौकटीवर, आकड्यांना ताणून वाळत घालायचं. मध्ययुगीन इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती असं आपण वाचतो. ती नेमकी कशात उभी होती, हे पुस्तकं नाक मुरडून टाळतात.

बाराव्या शतकात हे तुडवण्याचं काम करणाऱ्या पाणचक्क्या ओढ्याकाठी आल्या. टेम्पलर पंथाच्या मालमत्तेच्या ११८५ सालच्या नोंदीत यॉर्कशरमधली एक सापडते. चाक फिरे, लाकडी हातोडे आळीपाळीनं कापडावर आदळत. चक्की जमीनदाराची किंवा मठाची, त्यामुळे दळणासारखी याचीही पट्टी. तेराव्या शतकात सेंट ऑल्बन्सच्या गावकऱ्यांनी कापड घरीच तुडवायचा हट्ट धरला आणि मठाधिपतीशी भांडण मांडलं. फुकटचे पाय असताना चक्कीला पैसे का मोजायचे?

गंमत अशी की आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली ती साधारण याच काळात, तेराव्या-चौदाव्या शतकांत. म्हणजे नाव घराण्याला चिकटत होतं तेव्हा पाय कुंडाबाहेर निघू लागले होते. नंतरच्या कितीतरी वॉकरांनी आयुष्यभर हातोड्यांचा धडधडाट ऐकला असेल आणि कापडावर पाऊलही ठेवलं नसेल. चक्कीलासुद्धा उत्तरेत ‘वॉक मिल’च म्हणत. काम यंत्राकडे गेलं, नाव पायांकडेच राहिलं.

तेही सगळीकडे नाही. हाच धंदा करणारा उत्तरेत वॉकर, दक्षिणेत आणि पूर्वेत फुलर, तर नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडे, टकर. टकरच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला छळण्याचा अर्थ आहे. तिघांत कापडाची बाजू घेणारं एवढंच. एक्सिटरमध्ये टकर्स हॉल अजून उभा आहे, मूळ वास्तू १४७१ सालची. विणकर, तुडवणारे आणि कापडाची लव कातरणारे अशा तिघांच्या संघाची ती जागा. नावावर मात्र टकरांनीच पाय रोवला.