गूळ चालतो, असं मीच सांगितलं होतं

आईला मधुमेह निघाल्यावर मी तिची साखर बंद केली आणि तिच्या जागी गूळ सुरू केला. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं, आईनं मागितलंही नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे खाण्यापिण्याच्या बाबतीत घरात माझाच शब्द शेवटचा असतो. 'गूळ चालतो' हा शब्दही माझाच.

आमचं आजोळ करवीर तालुक्यातलं. हंगामात गुऱ्हाळावर जायचं, काहिलीत रटरटणारा रस बघत बसायचं, द्रोणातून गरम काकवी चाखायची, असं लहानपण गेलं. त्यामुळे गूळ आपला, आपल्या माणसांनी रात्र जागून केलेला, आणि साखर कारखान्यातली, अशी विभागणी मनात पक्की होती. आपल्या मातीतली वस्तू अपाय करणार नाही, हे मी कधी तपासूनच पाहिलं नाही. उलट जास्त पैसे मोजून काळसर, सेंद्रिय म्हणून विकला जाणारा गूळ आणू लागले. रंग उजळायला त्यात हायड्रॉस घातलेलं नाही, म्हणजे तो निर्धोक, असं मी धरून चालले. हायड्रॉस नसणं चांगलंच आहे, पण रक्तातल्या साखरेला त्यानं काहीच फरक पडत नाही.

साखर आणि गूळ दोन्ही उसाच्याच रसातून येतात. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, शिवाय थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आतड्यात सुक्रोज फुटून हेच दोन घटक होतात. शंभर ग्रॅम साखरेत 400च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात 380च्या आसपास. हे मी फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. स्वयंपाकघरात मात्र मी ते वापरलं नाही, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक तीच. 'पण गुळात लोह असतं ना' हा माझा ठरलेला युक्तिवाद. असतं, शंभर ग्रॅममागे काही मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 19 आणि पाळीच्या वयातल्या बाईला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. चहातल्या खड्यातून एखादा मिलिग्रॅम मिळाला तरी पुष्कळ. त्यासाठी मधुमेही माणसाला गूळ खाऊ घालण्यात काहीच अर्थ नव्हता.

एकदा गूळ ठरल्यावर इतरही गोष्टी त्याच वाटेनं आल्या. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015च्या मार्गदर्शनात मधातली आणि फळांच्या रसातली साखरही मर्यादित ठेवायच्या साखरेतच धरली आहे, हे मला फार उशिरा समजलं. पोळी बंद करून ज्वारीची भाकरी. ज्वारीत तंतू असतात हे खरं, पण पिष्ट जवळपास गव्हाइतकंच. आणि 'भाकरीच आहे' म्हणून एकीच्या जागी दोन जात होत्या. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. उपवासाचं म्हणजे हलकं, ही समजूत मीही कधी सोडली नव्हती. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळपास निव्वळ स्टार्च.

यातलं एक मला अजून बोलवत नाही, तरी लिहिते. आई कारल्याचा रस घेऊ लागली, आणि रस घेतलेल्या दिवशी संध्याकाळची मेटफॉर्मिनची गोळी चुकवू लागली. मला माहीत होतं. 'दोन्ही एकदम कशाला' असं ती म्हणाली, आणि मी गप्प राहिले. गोळी डॉक्टरांनी दिलेली, तिच्यात काही बदल करायचा तर त्यांनाच विचारून, हे दुसऱ्या कुणाला मी ठणकावून सांगितलं असतं.

एचबीए1सी 7.2 होता, तो 9.1वर गेला. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस टिकतात, त्यामुळे हा आकडा रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. एखाद्या लग्नातल्या जेवणावर तो ढकलता येत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी आईला सोडून मलाच विचारलं, "चहात खडा केवढा घालता?" मी अंगठ्याचं पेर दाखवलं. त्या म्हणाल्या, घरी जाऊन वजन करा.

घरी ढेप काढली, सुरीनं रोजच्यासारखाच खडा पाडला आणि स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला. 16 ग्रॅम. साखरेच्या दिवसांत आईच्या चहात एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत साखर पडायची. गूळ कमी गोड लागतो, चमच्यानं मोजला जात नाही, आणि चालतो म्हटल्यावर हात सैल सुटतो. आई दिवसातून तीनदा चहा घ्यायची. आई काट्याकडे बघत शेजारीच उभी होती. म्हणाली, "मग आधीचा चमचा काय वाईट होता?"

आता तिचा चहा बिनगोडाचा आहे. गोड सणावारी, जेवणासोबत आणि थोडंच. गोळी चुकत नाही. पण डोस वाढवावा लागला, आणि डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल दिसले आहेत. ते माझ्यामुळेच झाले असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही त्यांना तसं विचारलं नाही.

चूक आमच्या घरापुरती राहिली असती तर हे लिहिलं नसतं. शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेनंतर, लग्नकार्यात मी 'साखर सोडा, गूळ घ्या' असं कितीतरी जणांना सांगितलं होतं. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि गोव्यात तर प्रौढांमधलं प्रमाण 26.4 टक्के. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं म्हणून यातल्या किती घरांत गूळ गेला असेल, ते मला कळायला मार्ग नाही. जे आठवतात त्यांना फोन करते आहे.

इचलकरंजीच्या मावशीकडे स्वतः गेले. ती म्हणाली, "अगं, तूच सांगितलंस ना गूळ चालतो म्हणून? आता तूच नाही म्हणतेस." तिच्याकडे साखर मोजायचं यंत्र होतं. चहाआधी 138 आली. तिच्या नेहमीच्या खड्याचा चहा झाला, दुसरं काही खाल्लं नाही, आणि तासाभरानं 196. मावशीनं दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले. गूळ पूर्ण सोडायला ती तयार नाही. संध्याकाळी तिनं निम्मा खडा घालायला लावला, आणि पुढच्या महिन्यात एचबीए1सी करून घ्यायचं कबूल केलं आहे.